अक्षरामागे दहा पैसे

माझ्या घरातली पहिली आणि बहुधा शेवटची तलवार मी २०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात चौलमधल्या एका वाडीत विकत घेतली. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि तिच्या पोटात असलेले घर. मी अलिबाग तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवतो. शस्त्रांशी माझा संबंध तोवर बखरींमधल्या शब्दांपुरता होता. धोप, पट्टा, खंडा, समशेर, फिरंग हे शब्द मी वर्गात उच्चारीत असे, त्यांचे अर्थ फळ्यावर लिहीत असे आणि एखाद्या मुलाने ‘सर, तुम्ही पाहिली आहे का?’ असे विचारले की ‘संग्रहालयात पाहिली आहे’ असे सांगून पुढे जात असे. हाती न घेतलेल्या वस्तूचा अर्थ सांगण्यात एक प्रकारची उसनवारी असते. ती आपल्याला फेडता येईल असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

‘फिरंग’ या शब्दाचे मला विशेष आकर्षण होते. फिरंग्यांकडून आले ते फिरंग. युरोपातील जोलिंगेन, टोलेडो, जिनोआ अशा गावांशी नाव जोडलेली सरळ, लांब आणि लवचीक पाती जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. येथील कारागीर त्यांना मराठी पद्धतीची मूठ बसवीत. बोटे झाकणारी रुंद परज, मुठीच्या टोकातून पुढे आलेला लोखंडी गज आणि पात्याचे शेपूट मुठीत घट्ट धरून ठेवणारी लाख, हे सारे इथले. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्स यांना दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली प्रसिद्ध तलवारही याच जातीची आहे. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची रोमन आद्याक्षरे उमटवलेली आहेत. ती अक्षरे कोणी घासून काढली नाहीत. पाते चांगले होते, तेवढे पुरेसे होते.

आमचा चौल-रेवदंड्याचा परिसर तर अशा सरमिसळीचे माहेरघर. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली घराघरांत बोलली जाते. पाते परके आणि मूठ आपली, ही गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. काही तासांत पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट उपटले गेले. माझ्या घराची निम्मी कौले उडाली. चौलमधल्या त्या वाडीत तर उभ्या झाडांपेक्षा आडवी झाडे अधिक झाली. पोफळ लावल्यावर ती धरायला पाच-सात वर्षे जातात. वाडीवर जगणाऱ्या माणसाला ही वर्षे कोठून आणायची हा प्रश्न असतो. त्या वाडीच्या मालकीण पंचाहत्तरीच्या आजी होत्या. पती जाऊन बरीच वर्षे झालेली, मुली आपापल्या घरी. नवी रोपे, गडीमाणसांची मजुरी आणि विहिरीवरचा पंप यांसाठी पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी घरातली तलवार विकायला काढली आहे, असे मला माझ्या एका सहकाऱ्याने सांगितले. ‘साधीसुधी नाही, सरखेलांची आहे. वर नाव कोरलेले आहे,’ असेही तो म्हणाला.

सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, तो म्हणजे कान्होजी आंग्रे. त्यांची समाधी अलिबागेत आहे आणि त्या रस्त्याने मी रोज शाळेत जातो. मी त्याच रविवारी चौलला गेलो.

आजींच्या पुतण्याने तलवार ओटीवर आणली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती गुंडाळलेली होती. म्यान नव्हते. पाते सरळ, सुमारे तीन फुटांचे आणि त्याच्या मधोमध लांब पन्हळ. सर्वत्र तपकिरी गंज, परजेचा एक कोपरा दुमडलेला, मुठीच्या आतली गादी कधीच नाहीशी झालेली. ती हातात घेतली तेव्हा पहिली जाणीव झाली ती वजनाची नव्हे, तोलाची. पाते जड होते पण हाताला ओढ लावत नव्हते. मनगट आपोआप सरळ झाले. इतकी वर्षे फळ्यावर लिहिलेला शब्द त्या क्षणी माझ्या तळहातात होता.

मुठीजवळ पात्यावर देवनागरीत दोन शब्द होते: ‘सरखेल सरकार’.

‘पन्नास हजार,’ पुतण्या म्हणाला. ‘नाव आहे म्हणून. नाहीतर भंगारवाला पण विचारणार नाही.’

मी त्याला आठ दिवसांची मुदत मागितली. खरे सांगायचे तर त्या दिवशी ओटीवरून उतरताना मी मनाने ती तलवार घेऊन झालो होतो. त्या दोन शब्दांबद्दल शंका मला आलीच नाही असे नाही. पण ती मी येऊ दिली नाही. ज्याला एखादी गोष्ट खरी असावी असे वाटते, त्याची दृष्टी फार उदार होते.

त्या आठ दिवसांत मी मिळेल ते वाचले आणि माझी झोप उडाली. तलवारीवरचे नाव ही जगभर सर्वांत संशयास्पद गोष्ट मानली जाते, हे मला तेव्हा कळले. सोळाव्या शतकात इटलीतील बेल्लुनो येथे आंद्रेया फेरारा नावाचा एक नामांकित पातेकार होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर शे-दीडशे वर्षांनी घडलेल्या स्कॉटिश तलवारींवरही त्याचे नाव आढळते, कारण जर्मनीतले कारागीर ते नाव चांगल्या पात्याची खूण म्हणून ठोकीत. इराणातील इस्फहानच्या असदुल्लाचीही तीच कथा. त्याच्या नावाची पाती इतक्या वेगवेगळ्या काळातील आहेत की ती घडवायला एक आयुष्य पुरले नसते. जपानमध्ये तर खोट्या सहीसाठी ‘गिमेई’ असा स्वतंत्र शब्दच आहे. तिथे कारागीर आपली सही मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर करतो. जाणकार मंडळी परीक्षेसाठी तलवार घेतात तेव्हा नेमका तोच भाग झाकून ठेवतात. पोलादाचा पोत, धारेवरची लाट आणि पात्याचा बाक पाहून कर्ता कोण ते आधी सांगायचे, सही नंतर पाहायची. सही खोटी ठरली तर तिथल्या मान्यवर संस्था त्या नावाचे प्रमाणपत्र देत नाहीत. म्हणून काही मालक प्रमाणपत्रासाठी ती सही खरवडून काढतात. नाव नसलेले चांगले पाते चालते, खोट्या नावाचे चालत नाही.

हे वाचल्यावर मी स्वतःला विचारले की ते दोन शब्द झाकले, तर मी ही तलवार घेईन का? उत्तर ‘हो’ असे आले. मग दुसरा प्रश्न विचारला. त्या दोन शब्दांकडे मी, मराठीचा शिक्षक, एकदा तरी अक्षरे म्हणून पाहिले आहे का? याचे उत्तर ‘नाही’ असे होते.

पुढच्या रविवारी मी खिशात भिंग घेऊन गेलो. ओटीवर उन्हात बसून ‘सरखेल’मधला ‘ख’ पाहिला आणि मनातल्या मनात खाली बसलो. जुन्या लेखनात ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी ठेवल्यासारखा असे. त्यामुळे ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत घोटाळा होई. तो टाळण्यासाठी विसाव्या शतकातील लिपीसुधारणेत या दोन भागांना खालून जोडून टाकण्यात आले. तलवारीवरचा ‘ख’ खालून जोडलेला होता. कान्होजींचा मृत्यू १७२९ मधला. त्यांच्या काळातल्या कारागिराला हे वळण सुचण्याचे कारण नव्हते. शिवाय अक्षराची रेघ गंजाच्या बारीक खड्ड्यांवरून सरळ पुढे गेली होती. म्हणजे गंज आधीचा आणि अक्षर नंतरचे. रेघ तरी कसली, ती एकापुढे एक ठोकलेल्या ठिपक्यांची रांग होती.

तेवढ्यात आजींनी पाणी आणून ठेवले. मी पेला उचलला. त्याच्या कडेखाली लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसे त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव घातलेले होते. तेच ठिपके. तोच किंचित उजवीकडे कललेला ‘र’. मुलीच्या नावातही ‘ख’ होता आणि तो तलवारीवरच्या ‘ख’चा सख्खा भाऊ होता.

पेला हातात धरून मी किती वेळ गप्प बसलो ते मला सांगता येणार नाही. माझ्यापुढे एक चमत्कारिक पेच होता. नाव खोटे आहे हे सांगितले तर किंमत उतरणार होती, म्हणजे सत्य सांगण्यात माझाच फायदा होता. जे सत्य आपल्या खिशाच्या सोयीचे असते ते बोलताना जीभ अडखळते. समोरच्याला ते सत्य वाटत नाही, सौदा वाटतो. उलट गप्प राहून पन्नास हजार द्यावेत, तर तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. कौलांसाठी बाजूला काढलेले पस्तीस हजार हीच माझी सारी पुंजी. आणि काहीच न बोलता निघून जावे, तर उद्या दुसरा कोणी ते नाव खरे मानून तलवार नेणार आणि परवा भांडायला येणार. या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. ज्या घराने वादळात वाडी गमावली, त्या घराचा एक पूर्वज मी भिंग लावून पुसून टाकणार होतो.

पुतण्या विहिरीकडे गेला तेव्हा मी धीर केला. ‘आजी, या तलवारीवरची अक्षरे जुनी नाहीत.’

‘जुनी कुठली, मास्तर?’ आजी सहज म्हणाल्या. ‘थोरलीच्या लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायला माणूस बसला होता ना इथेच, तुम्ही बसलात तिथे. ह्यांनी आतून तलवार आणून त्याच्यापुढे ठेवली. म्हणाले, हिच्यावर पण घाल.’

‘कशासाठी?’

‘ह्यांच्या आजोबांपासून सांगत आले सगळे, आंग्ऱ्यांच्या आरमारातली आहे म्हणून. ह्यांनी कुणाला सांगितलं की लोक हसायचे. म्हणून म्हणाले, तोंडाने सांगितलं तर गोष्ट होते, लिहून ठेवलं की पुरावा होतो.’

‘मग पुतण्याला हे माहीत नाही?’

‘तो पाळण्यात होता तेव्हा. आणि मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत.’

त्यांच्या बोलण्यात ना अपराध होता ना लबाडी. मी त्यांना जोडलेल्या ‘ख’ची गोष्ट सांगितली. त्यांनी पेला घेऊन डोळ्यांजवळ धरला, मुलीच्या नावातले अक्षर निरखले आणि हसल्या. मग एकदम व्यवहारावर आल्या. ‘मग तुम्ही किती देणार?’

गेल्या आठ दिवसांत चौकशी करून मला जे समजले होते, त्यावरून नावाशिवाय त्या पात्याची आणि मुठीची जी किंमत मला योग्य वाटली ती मी सांगितली. तीस हजार रुपये.

‘यात नावाचे किती धरलेत?’

‘नावाचे काही नाही, आजी.’

‘बरोबर आहे. नावाचे ह्यांनी तेव्हाच देऊन टाकलेत. अक्षरामागे दहा पैसे.’

पुतण्या परतल्यावर आजींनीच त्याला सारे सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहत राहिला आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तसेच पाहिले असते. माझे वीस हजार वाचले होते हे मला नाकारता येत नव्हते. म्हणून मी त्याला म्हटले की आपण महिनाभर थांबू, तोवर तुम्ही आणखी दोघांना तलवार दाखवा, पण अक्षरांची हकिकत सांगून दाखवा. अधिक किंमत आली तर खुशाल द्या. महिन्याने त्याचाच निरोप आला. दोघेही अठ्ठावीसच्या पुढे सरकले नव्हते.

व्यवहाराआधी कायद्याची बाजू पाहून घेतली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नऊ इंचांहून लांब पात्यामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्याचाही विचार करावा लागतो. म्हणून पोलीस ठाण्यात छायाचित्रांसह लेखी माहिती दिली आणि तिची पोहोच घेतली. मग आजींच्या ओटीवर बसून मी साध्या कागदावर खरेदीची पावती लिहिली. तलवारीचे वर्णन केले आणि खाली स्पष्ट नोंदवले: ‘पात्यावरील देवनागरी अक्षरे विक्रेत्या बाईंच्या यजमानांनी थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी भांड्यांवर नावे घालणाऱ्या कारागिराकडून घालून घेतली आहेत. तलवार आंग्ऱ्यांच्या आरमारातील असल्याचे घरात तीन पिढ्या सांगत आले आहेत.’ आजींनी ते दोनदा वाचून घेतले. ‘दुसरं वाक्य पण लिहिलंत ते बरं केलंत,’ असे म्हणून त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली. फक्त एक अट घातली. खंडेनवमीला तलवारीची पूजा त्यांच्या हातून व्हावी.

घरी आल्यावर पत्नीने तलवार पाहिली, उरलेले पाच हजार मोजले आणि काही बोलली नाही. त्या पावसाळ्यात मागच्या खोलीत दोन बादल्या आणि एक परात मांडलेली असे. तलवार मात्र कोरड्या फळीवर होती. त्यावरून मला जे ऐकावे लागले ते रास्तच होते.

गंज काढण्याच्या बाबतीत मी घाई केली नाही. आम्ल, पॉलिश कागद, विटकरीची भुकटी यांपैकी काहीही लावायचे नाही असे जाणकारांनी बजावले होते. पातळ तेल आणि मऊ कापड, एवढीच साधने. तिसऱ्या महिन्यात पात्याच्या पन्हळीत काही दिसू लागले. दातेरी कडांच्या दोन चंद्रकोरी आणि त्यांच्यामध्ये झिजलेली चार-पाच रोमन अक्षरे. त्यांतले ‘एन’ उलटे होते. जिनोआच्या पात्यांवर अशी दातेरी कोर असते हे मला वाचून ठाऊक होते. माझे काळीज पुन्हा एकदा धडधडले.

तलवार घेऊन प्रवास करणे उचित नव्हते. म्हणून अक्षरांचा कागदावर घेतलेला ठसा आणि छायाचित्रे घेऊन मी मुंबईतील एका अभ्यासकाकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की ही कोर इतकी नावाजलेली होती की जर्मनीत आणि इतरत्रही तिची नक्कल होत असे. आपल्याकडचे लोहारही ती उमटवीत. लिपी न जाणणाऱ्या हाताने अक्षर उलटे पडते खरे, पण युरोपातले पातेकारही पुष्कळदा निरक्षरच असत. तेव्हा उलट्या ‘एन’वरून काही ठरत नाही. ‘पाते चांगले आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘नावाचे राहू द्या.’ म्हणजे एका संशयित सहीतून सुटून मी दुसरीपाशी आलो होतो. या वेळी उत्तर देणाऱ्या आजी मात्र समोर नव्हत्या.

२०२५ मध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवून मुंबईत आणली. शाळेतले सहकारी मला विचारू लागले, ‘तुमची आता किती लाखांची?’ मी त्या तलवारीची वर्णने वाचली आणि थक्क झालो. पाते युरोपीय, मूठ इथली आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. माझ्या तलवारीवरही परकी अक्षरे आहेत, इथली मूठ आहे आणि देवनागरी नाव आहे. फरक एवढाच की तिथले नाव ज्याने तलवार मिरवली त्याच्या हयातीशी जुळते. माझ्या तलवारीवरचे नाव ज्याने तिची गोष्ट मिरवली त्याच्या हयातीतले आहे.

ती अक्षरे घासून काढा, पाते स्वच्छ दिसेल, असा सल्ला मला अनेकांनी दिला. जपानी मालकाने कदाचित तेच केले असते. पण मला ते जमले नाही. ‘सरखेल सरकार’ हा लेख आरमाराचा पुरावा नाही, हे मी पावतीवर लिहून ठेवले आहे. पण लोकांच्या हसण्याला कंटाळलेल्या एका माणसाने लेकीच्या लग्नाच्या धामधुमीत, भांड्यांच्या राशीत बसून, अक्षरामागे दहा पैसे मोजून काय केले याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे. तो पुसला तर मीही एक खोटेपणाच करीन. या तलवारीच्या बाबतीत निःसंशय अशी एकच सही माझ्याजवळ आहे. ती पात्यावर नाही, पावतीच्या कागदावर आहे, आणि ती पावती मी तलवारीशेजारीच ठेवतो.

दर खंडेनवमीला आजी रिक्षाने आमच्याकडे येतात. सोबत वाडीतली झेंडूची फुले आणि एक शहाळे असते. पाटावर तलवार, शेजारी नारळ सोलायचा कोयता, विळी आणि माझी लाल शाईची लेखणी अशी मांडणी होते. गेल्या खेपेस त्यांनी सांगितले की वादळानंतर लावलेल्या पोफळी आता माणसाच्या डोक्यावर गेल्या आहेत, आणखी दोनेक वर्षांत धरतील. मग हळदकुंकवाचे बोट त्यांनी प्रथम परजेला लावले, नंतर त्या दोन शब्दांना, आणि ‘ख’पाशी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहून हसल्या.